परवाची तारीख

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक जवळजवळ स्क्रीनला टेकवलं.

"हे सगळं लाल का झालंय?"

"मी केलंय," ती म्हणाली. "तारखेच्या चौकोनाचे नियम आवळले. आपला जुना कोड जिथे त्यात बसत नाही, तिथे लाल रेघ. आता त्यात फक्त तारीखच जाईल. आधी काहीही चालायचं."

"काहीही नाही. आपण ठरवून चालवत होतो."

"तेच तर. म्हणून तुम्हाला बोलावलं."

हे पुरतं खरं नव्हतं. त्या चौकोनाच्या जुन्या कोडची साफसफाई तिला एकटीलाही जमली असती. पण गेल्या आठवड्यात मास्तरांच्या सुनेचा फोन आला होता. आई गेल्यापासून बाबा घराबाहेर पडलेले नाहीत, हाक मारली की ताटावर येऊन बसतात, एवढंच. ते ऐकून तिने मास्तरांना फोन लावला आणि सांगितलं, इथे ऑफिसात घोडं पेंड खातंय, याल का?

मास्तर मूळचे गणिताचे शिक्षक. नोकरी सोडून त्यांनी सॉफ्टवेअरच्या धंद्यात उडी घेतली आणि एका लॉन्ड्रीच्या वरची खोली भाड्याने घेतली, तेव्हा ती नुकतीच कॉलेजातून बाहेर पडली होती. खालच्या इस्त्र्यांमुळे फरशी कायम कोमट असायची. थंडीत दोघं चपला काढून काम करायची. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे दातांचे एक डॉक्टर. त्यांच्याकडे फोन घ्यायला वहिनी बसायच्या, मास्तरांच्या पत्नी. रिसीव्हर मानेत धरायचा आणि पेशंट बोलेल तसं तारखेच्या चौकोनात टाइप करायचं, ही त्यांची रीत. उद्या. सोमवारी. परवा.

त्या 'परवा'ने दोघांना जेरीस आणलं होतं.

"वहिनी, परवा म्हणजे गेलेला की येणारा?" तिने एकदा वैतागून विचारलं होतं.

"बोलण्यावरून कळतं की!"

"मशीनला कुठे बोलणं ऐकू येतंय?"

"मग शिकवा त्याला. नवरा मास्तर आहे ना माझा?"

मास्तरांनी शिकवलं. पेशंटला वेळ द्यायची असेल तर पुढचा परवा, झालेल्या उपचाराची नोंद असेल तर मागचा. त्यासाठी चौकोनाची व्याख्याच ढिली ठेवली. तारीख येवो, शब्द येवो, आकडा येवो, घ्यायचं. पुढे दवाखाना बंद झाला, कंपनी वाढली, मास्तर निवृत्त झाले, आणि तो चौकोन कुठल्या कुठल्या पडद्यांवर जाऊन बसला. हल्ली त्याच ढिलाईतून भलत्याच तारखा आत शिरत होत्या.

दुपारभर दोघं एकेक लाल रेघ मिटवत राहिली.

"म्हणजे आता चूक मशीनच दाखवतं?" मास्तरांनी विचारलं. "आपल्या वेळी गिऱ्हाईक दाखवायचं."

ती हसली आणि हसता हसता पुढची ओळ खोडायला गेली.

"घाईबाई, आधी वाच. मग हात लाव."

या नावाने तिला बऱ्याच वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. तिने मुकाट्याने हात मागे घेतला आणि ओळ वाचली.

शेवटी 'परवा'च्या ओळी तेवढ्या उरल्या.

"यांचं मी बघून ठेवलंय," ती म्हणाली. "दोन पक्के प्रकार करू. गेलेला परवा आणि येणारा परवा. नियमात बसतंय. राहू देत."

"आता हे कोण टाइप करतं?"

"कोणी नाही. सगळे कॅलेंडरवर बोट ठेवतात."

"मग ठेवतेस कशाला?"

ती कीबोर्डवर नसलेली धूळ बाहीने पुसत राहिली.

"सुनेने फोन केला होता ना तुला?"

"हो."

मास्तरांनी मान हलवली. रागावल्यासारखे दिसले नाहीत. त्यांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि त्या ओळी निवडल्या. त्या निळ्या झाल्या. विद्यार्थ्याचं उत्तर तपासावं तशा त्यांनी त्या ओठातल्या ओठात एकदा वाचल्या, मग पुसून टाकल्या. पडद्यावर लाल काही उरलं नाही.

"तुझ्या वहिनीला अडगळ खपत नाही," ते म्हणाले. थोडं थांबून, हळूच, "खपायची नाही."

चहा आणायच्या निमित्ताने ती उठली. यंत्रापाशी उगाच रेंगाळली, तोंडावर पाणी मारलं, आणि दोन कप घेऊन परतली. तोवर मास्तरांनी दुसरीच फाइल उघडली होती.

"हा वेळेचा चौकोन. हेही पाप आपलंच ना?"

"आपलंच."

"हे कोण निस्तरतंय?"

"अजून कोणी घेतलं नाही."

त्यांनी चहाचा घोट घेतला, कप बाजूला सरकवला. बसल्या जागी जरा पुढेमागे झाले, खुर्चीखाली हात घालून काहीतरी चाचपलं.

"ही खुर्ची उंच कशी करतात गं?"

ती खाली वाकली आणि दांडा शोधू लागली.