प्रीतमदादाची गाडी चालू करताना

वालूरला आमच्या अंगणात माझ्या भावाची, प्रीतमदादाची, सेकंडहँड मोटारसायकल नऊ महिने उभी होती. दादा उसाच्या फडावर गेला तो तिकडंच तापानं गेला. तेराव्याला त्याचे कपडे, चपला सगळं देऊन टाकलं. गेलेल्या माणसाचं घरात ठेवू नये म्हणतात. गाडी तेवढी राहिली, कारण ती चालूच होईना.

भुजंग मेकॅनिकनं दोनदा बघून हात झटकले. "वायरिंग जळालीय. भंगारात घाला."

मी वडलांना म्हणाले, "आबा, मी करते चालू!" शाळेत आमाला वायर तपासायचा मल्टीमीटर शिकवलाय, अन् फॉल्ट शोधण्यात माझा हात कुणी धरत न्हाई, असं सरच म्हणतात.

"तू? तुझ्या सायकलची चैन अजून मी बसवतो."

"अन् चालू केली तर?"

"तर तुझी. अठराची झालीस की चालव."

मला ती हवीच होती. दादाचं दुसरं काही उरलं नव्हतं.

रविवारी चार्ज केलेली बॅटरी बसवली. हॉर्न वाजला, लाइट लागला. प्लग काढून इंजिनला टेकवला, किक मारली. ठिणगी न्हाई. मग सीट काढलं. इंजिन बंद करणारी जी वायर असते, ती चावी चालू असताना लोखंडाला कुठंच लागायला नको. मीटर लावला तर बीप! म्हणजे कुठंतरी लागलेली. जळालेलं तर काहीच दिसत नव्हतं. वायर चिमटीत धरून मागं मागं गेले, तर टूलबॉक्सच्या आड चिकटपट्टीनं बसवलेलं बारकं बटण. चोर-बटण! आपण नसताना गाडी कुणी नेऊ नये म्हणून दादानं ते दाबून ठेवलं, अन् सांगायचं राहिलं.

बटण उलटं दाबलं, प्लग बसवला. चौथ्या किकला गाडी धडधडली. मी नाचलेच. "आबा, बघा! लय भारी!"

तेवढ्यात माय पिठाच्या हातानं चुलीपासून पळत आली. चेहरा एवढा उजळलेला!

"आलास का रे पित्या? भाकर टाकू?"

गाडीवर कुणीच नव्हतं. माय बघत राहिली. मग उंबऱ्यावरच खाली बसली. मी चावी फिरवून गाडी बंद केली.

आबा म्हणाले, "तुझी झाली, राजू. शब्द दिलाय मी."

"नको आबा. विका."

"अगं, एवढी मेहनत केलीस..."

"माय रोज अशीच पळत येईल."

गुरुवारी सेलूचे तात्याराव गाडी न्यायला आले. मी त्यांना बटण दाखवलं. त्यांनी किकवर पाय ठेवला.

"इथं नको काका. वळणापर्यंत ढकलत न्या."

"का गं? खराब हाय का काय?"

"न्हाई. मी सोता दुरुस्त केलीय."

त्यांनी हँडल धरलं, मी मागून जोर लावला. शाळेच्या वळणापर्यंत ढकलत नेली. तिथं मी म्हणाले, "आता मारा."

पहिल्याच किकला चालू झाली.