डावी बाजू मोकळी

ज्योत्स्ना पंधराशे मीटर धावायची. रावेरकडच्या केळीच्या गावातली, रुपचंद पाटलांची धाकटी. जळगावला कॉलेजात शिकत होती आणि विद्यापीठाच्या स्पर्धांत तिला मागे टाकेल असं कुणी उरलं नव्हतं. तिसऱ्या वर्षाला असताना एका संस्थेने खेळाडू विद्यार्थ्यांना कंबोडियाला न्यायचं ठरवलं. तिथे बट्टमबँग नावाच्या शहरात, भूसुरुंगाच्या स्फोटात पाय गमावलेल्या मुलांना कृत्रिम पाय बसवून देणारं केंद्र होतं. त्या मुलांना खेळवायला माणसं हवी होती. तिचे प्रशिक्षक प्रेमराज सर कुरकुरले, "सराव बुडेल." तरी ती गेली. खरं सांगायचं तर विमानात बसायला मिळेल, एवढाच तिचा विचार होता.

तिथे चांथा भेटली. दहा-अकरा वर्षांची पोर, डावा पाय घोट्याच्या वरून गेलेला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत ती रोज सकाळी आपल्या गेलेल्या पायाची खबर सांगायची. आज भाताच्या शेतात होता, गार लागलं. आज दगडांवर होता, टोचलं. केंद्रातल्या बाई म्हणाल्या, असं होतं, पाय गेला तरी मेंदू मानायला तयार नसतो. ज्योत्स्नाला ते पटलं.

मग एका सकाळी ती धावून परतली, तर चांथा खाटेवर बसून खुदुखुदु हसत होती.

"आज तो तुझ्यासोबत आला होता. तू फार जोरात पळतेस. दमला बिचारा."

ज्योत्स्नाही हसली. पण तोंड धुता धुता तिला काय वाटलं कोण जाणे, ती तशीच फाटकाबाहेर गेली. रस्त्याच्या तांबड्या धुळीत तिच्या बुटांचे ठसे स्पष्ट उमटले होते. त्यांच्या डाव्या अंगाला, हातभर अंतर राखून, लहानशा अनवाणी पायाचे ठसे होते. सगळे डाव्या पायाचे. उजव्याचा एकही नाही.

ती कुणाला काही बोलली नाही. मुक्काम संपला, चांथाने गळ्यात पडून निरोप दिला आणि ज्योत्स्ना घरी आली. लांबच्या प्रवासात ते सगळं तिकडेच राहिलं असं तिला वाटत होतं.

पुढच्याच स्पर्धेत ती तिसरी आली. त्यानंतरच्या स्पर्धेत पाचवी. प्रेमराज सरांनी तिला मैदानाच्या कडेला बसवलं.

"अगं, आतली बाजू मोकळी का सोडतेस? प्रत्येक वळणावर डावीकडे जागा ठेवतेस. कुणाला वाट करून देतेस?"

तिला हे ठाऊकच नव्हतं. पण सर म्हणाले तेव्हा तिला एक गोष्ट लक्षात आली. धावताना डाव्या कानापाशी तिला कुणाच्या तरी पावलाचा पट्‌-पट्‌ आवाज यायचा, आणि आपल्याच बुटांचा असेल म्हणून तिने तो सोडून दिला होता.

दिवाळीत ती गावी गेली. सकाळी केळीच्या बागेतल्या ओल्या वाटेने धावून आली. पाणी धरायला गेलेले रुपचंद पाटील तिच्या मागोमाग घरी आले. चेहरा उतरलेला.

"ज्योत्स्ने, तुह्यासंग कोन पयत होतं?"

"कोनी नाही, आबा."

"मंग ते पोरगं कोनाचं? आन् एकाच पायावर कसं पयते?"

तिने मान खाली घातली.  आबा फावडं घेऊन परत बागेत गेले आणि वाटेवरचे ठसे एकेक करून त्यांनी मातीने बुजवले. आल्यावर एवढंच म्हणाले, "तुह्या मायले सांगू नको."

त्याच दुपारी ज्योत्स्नाने बट्टमबँगला फोन लावला. बाईंनी चांथाला बोलावून आणलं.

"चांथा, तुझा पाय कसा आहे?"

"माझ्याकडे येतच नाही," पोर शांतपणे म्हणाली. "तुझ्याकडे आहे ना? मला ठाऊक आहे. असू दे. मी वाढतेय, तो तेवढाच राहिलाय. आता तो मला होणार नाही."

 चांथा पुढे म्हणाली, "इथला लाकडी पायही आखूड झालाय. तुला येतो का बनवायला?"

"नाही येत."

"मग शीक."

ती शिकली. स्पर्धा सोडल्या. सरांनी बरेच दिवस अबोला धरला. पदवी झाल्यावर तिने कृत्रिम अवयव बनवण्याचं शिक्षण घेतलं आणि ते संपताच सगळ्यात आधी बट्टमबँगला गेली. चांथा तोवर उंच, गंभीर मुलगी झाली होती. तिचा पाय ज्योत्स्नाने आपल्या हाताने घडवला, घासला, बसवला. चांथा तो घालून बाजारात गेली आणि मासळी घेऊन आली. जुन्या पायाचा विषय तिने काढला नाही. ज्योत्स्नानेही नाही.

आता ती धुळ्याच्या एका केंद्रात काम करते. सकाळी पांझरा नदीच्या काठाने धावते, डावी बाजू मोकळी ठेवून. ते पाऊल अजून येतं, तेवढंच लहान. पूर्वी ती मागे वळून बघायची. आता बघत नाही. मात्र वाटेत काचा दिसल्या तर थांबून उचलते.

परवा सोनगीरचा लोटन आला, सोबत बायको धुरपदाबाई. हायवेवरच्या फाट्याला ट्रकखाली सापडून त्याचा उजवा पाय गेला होता. ज्योत्स्ना टेप घेऊन खाली बसली, पण तो माप देईना. सारखा दाराकडे बघे.

"काय झालं, भाऊ?"

"मना पाय आठे नही शे, ताई."

धुरपदाबाई ओशाळली. "यानं डोकं फिरी गयं, ताई. ध्यान नका देऊ."

"कुठे आहे पाय?" ज्योत्स्नाने विचारलं.

लोटनने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "फाटावर. तठेच उभा शे. मनी वाट देखस."

"एकाच जागी? हलत नाही?"

"नही."

"मग लवकर करू," ती म्हणाली. "चालता यायला लागलं की आधी तिकडे जाऊन या. फार उशीर झाला, तर ते दुसऱ्या कुणासोबत निघून जातात."

धुरपदाबाईने पदर तोंडाशी नेला. लोटनने उजव्या पायाचा उरलेला भाग पुढे केला.

"ल्या माप, ताई."