सिमालोईने न दाखवलेलं पाडस

मी एक दुर्बीण बोलतेय. डाव्या भिंगावर ओरखडा आहे, पट्ट्याला गाठ मारलेली आहे. पण नजर अजून तेज आहे, उगाच मोडीत काढू नका!

जन्मले कुठल्याशा थंड देशातल्या कारखान्यात, पण डोळे उघडले ते मारा नावाच्या गवताळ माळावर. एका पाहुण्याने जाताना मला लेकिशोनच्या गळ्यात घातलं. लेकिशोन सफारीच्या गाडीवरचा वाटाड्या. बावीस वर्षं मी त्याच्या छातीवर होते. सिंह दिसला की पाहुणे श्वास रोखतात आणि गॅझेल हरिणी दिसली की म्हणतात, “चला पुढे.” मला भारी राग येतो. अहो, बघा तरी त्या पोरींकडे! कुशीवर काळा पट्टा, शेपटीला क्षणाची उसंत नाही, आणि मनात आलं की चारही पाय एकदम हवेत! इतकी वर्षं पाहतेय, तरी मन भरत नाही.

लेकिशोनचा एक नेम होता. गवतात लपलेलं पाडस दिसलं तर गाडी थांबवायची नाही, बोट दाखवायचं नाही. गाड्या थांबतात तिथे कोल्हे पोचतात, हे त्याने पाहिलं होतं.

गेल्या वर्षी त्याची दृष्टी गेली आणि मी त्याच्या लेकीकडे, सिमालोईकडे आले. कॅम्पचा मॅनेजर तिला म्हणाला, “महिनाभर बापाच्या जागी घेऊन बघतो. नाही जमलं तर स्वयंपाकघर आहेच.”

महिन्याच्या शेवटच्या दिवशी गाडीत एक बाई होत्या. त्यांना गॅझेलचं पाडसच पाहायचं होतं. आणि ते दिसलं! गवताला चिकटून पडलेलं, कान पाडलेले. आई पन्नास पावलांवर मुद्दाम तोंड फिरवून चरत होती. काय धीर त्या माउलीचा! पण गाडीमागून दोन कोल्हे येत होते. 

“काय दिसलं गं?” बाईंनी विचारलं.

“काही नाही.” तिने मला खाली केलं.

शेजारून दुसरी गाडी नेणारा वाटाड्या टिपापे ओरडला, “काय पोरी, बापाची दुर्बीण आणलीस आणि डोळे घरी विसरलीस?”

ती हसली आणि गाडी पुढे नेली. कोल्हेही गाडीमागून निघून गेले. संध्याकाळी बाईंनी तक्रार केली आणि सिमालोईला स्वयंपाकघर मिळालं.

घरी लेकिशोनने विचारलं, “आज काय पाहिलंस?”

“काही नाही, बाबा.”

त्याने माझा पट्टा चाचपला. “किती दिवसांचं होतं?”

“आजचंच. अंग ओलं होतं अजून.” एवढं बोलून ती रडली.

आता मी कांद्यांच्या टोपलीशेजारी खिळ्यावर असते. पाहुण्यांनो, वाटाड्या कधी “काही नाही” म्हणाला, तर लगेच रागावू नका, एवढंच मागणं आहे.

काल कळप कॅम्पपर्यंत चरत आला. सोबत एक पाडस होतं. तेच का, कोण सांगणार? सिमालोई म्हणते, तेच. मकईचं पीठ मळता मळता तिने मला डोळ्यांना लावलं. तिला भेटायला आलेला लेकिशोन शेजारीच उभा होता.

“बाबा, उडतंय!”

“किती उंच?”

तिने पिठाच्या हाताने बापाचा हात धरला आणि वर नेला, आणखी वर, म्हाताऱ्याच्या टाचा जमिनीवरून सुटेपर्यंत.