मशीन थांबलं की पास

ऑफिसात त्याला सगळे चाळणी म्हणत. तोंडावर नाही, पण त्याला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. महिन्याला साठ-पासष्ट नियतकालिकं त्याच्या टेबलावर येऊन आदळायची. डॉक्टरांची, वकिलांची, जहाजवाल्यांची, मधमाश्या पाळणाऱ्यांची, बुद्धिबळवाल्यांची, एक तर नुसतं काच बनवणाऱ्यांचं. त्या ढिगातून चारचौघांना वाचावेसे वाटतील असे चौदा लेख शोधायचे आणि सोपे करून मासिकाला द्यायचे, हे त्याचं काम. सव्वीस वर्षं तो ते करत होता, आणि लेख असे निवडायचा की दाढीला बसलेला माणूस न्हाव्याला म्हणेल, जरा थांब, एवढं पान होऊ दे.

संपादक अधूनमधून विचारायचे, तुम्हाला कळतं तरी कसं? तो नुसता हसून वेळ मारून न्यायचा. खरं सांगितलं असतं तर ऑफिसभर हसं झालं असतं. कारण निवड तो करतच नव्हता. निवड त्याच्या बायकोचं शिवणाचं मशीन करत होतं.

पद्धत साधी होती. संध्याकाळचा चहा झाला की ती मशीनवर बसायची. लोकांचे पडदे, मुलींचे फ्रॉक, शर्टाच्या उलटवायच्या कॉलरी, काही ना काही असायचंच. तो समोरच्या खुर्चीत बसून त्या दिवशीचे लेख मोठ्यानं वाचायचा. मशीन थांबवायचं नाही, अशी अट होती. पण वाचता वाचता ते आपोआप थांबलं, तिचा पाय पॅडलवरच राहिला आणि हात कापडावरच राहिले, की लेख पास. तो लगेच एका चिठ्ठीवर ‘थांबलं’ असं लिहायचा आणि ती लेखाला टाचायचा. नाही थांबलं तर ‘नाही’ लिहायचा, आणि लेख माळ्यावरच्या खोक्यात जायचा. फेकायचा मात्र नाही. छापलेला कागद फेकताना त्याचा हात अडायचा.

बायकोला ना जहाजांचा गंध होता, ना कायद्याचा. तोच तर तिचा गुण होता. देवमाशाच्या कानात मळाचे थर साठतात आणि ते मोजून त्याचं वय काढतात, हा लेख त्यानं वाचला तेव्हा मशीन गचकन थांबलं होतं आणि ती म्हणाली होती, “अहो, जन्मभर पाण्यात राहून कानात मळ?” त्या अंकाला वाचकांची पोतंभर पत्रं आली. तेव्हापासून तिच्या पायावर त्याचा इतका विश्वास बसला की तेवढा स्वतःच्या डोक्यावरही नव्हता.

सुरुवातीच्या वर्षांत ती शंभर प्रश्न विचारायची. पुढे पुढे ते कमी झाले. मशीन थांबायचं, ती मान हलवायची आणि एवढंच म्हणायची, “घ्याच हा.” त्याला वाटलं, बाई आता मुरली. मुरलेला परीक्षक कमी बोलतो. असली स्वतःला सोयीची समजूत काढण्यात तो मुळातच पटाईत होता.

एका संध्याकाळी त्याच्यापुढे गोदामांच्या विम्याचे नवे नियम, असा लेख होता. लेख काय, झोपेचं औषध. पण तो संपादकांच्या मेव्हण्यानं लिहिला होता, तेव्हा निदान वाचून नापास करणं भाग होतं. दुसऱ्या पानावर त्याच्या डोळ्यांत काहीतरी गेलं. त्यानं चष्मा काढला, पुढे वाकला, डोळा चोळला, आणि तोंडानं मात्र कलम सातमधला पोटनियम वाचत राहिला. मशीन थांबलं.

“घ्याच हा,” ती म्हणाली.

तो हसला. ती थट्टा करते आहे असं वाटून त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. लेख खरोखर आवडल्यासारखी, थोडी उजळून, ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. काहीतरी चुकतंय असं त्याला वाटलं, पण काय ते लगेच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं महिन्यातला सगळ्यात चांगला लेख काढला. एका दीपगृहातल्या तीन माणसांनी वर्षभर एकमेकांशी न बोलता दिवा कसा पेटता ठेवला, त्याची ती हकिकत होती. ऑफिसात वाचताना त्याचा चहा गार झाला होता. तो लेख त्यानं मुद्दाम खुर्चीला टेकून, चष्मा न हलवता, दगडासारखा बसून वाचला. मशीन एकदाही अडखळलं नाही. मग त्यानं कपाटातून बसगाड्यांचं जुनं वेळापत्रक काढलं. चष्मा हातात घेतला, पुढे वाकला आणि सकाळच्या गाड्या वाचायला लागला. सहा दहा, सहा पंचवीस, सहा चाळीस, रविवारी बंद. ‘रविवारी बंद’ला मशीन थांबलं.

“घ्याच हा,” ती म्हणाली. “लोकांना आवडेल.”

त्यानंतर त्यानं जे केलं त्याची त्याला जन्मभर लाज वाटणार होती. ती सुईत दोरा ओवायला खाली वाकली तेव्हा त्यानं तिला हाक मारली. पुन्हा मारली, मोठ्यानं. मग म्हणाला, घराला आग लागली आहे. तिनं दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं, दुसऱ्या खेपेला दोरा ओवला आणि वर बघून त्याच्याकडे पाहून हसली.

त्यानं एक कोरी चिठ्ठी घेतली, लेखांना टाचायची तसलीच, आणि तिच्यावर लिहिलं: तुला ऐकू येतं का?

तिनं ती वाचली. बराच वेळ ती मांडीवरचं कापड हातानं सारखं करत बसली. चोरी पकडल्यासारखा तिचा चेहरा झाला होता, आणि तेच त्याला बघवेना. चोरी तिची नव्हती.

“आवाज येतो,” ती म्हणाली. “शब्द येत नाहीत.”

किती दिवस, असं त्यानं ओठ हलवून विचारलं. सात-आठ वर्षं, ती म्हणाली. आधी निम्मंअर्धं यायचं, मग तेही जायला लागलं. पण त्याच्या तोंडाकडे बघून कळायचं. लेख चांगला असला की तो चष्मा काढतो आणि पुढे झुकतो, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. तो झुकला की ती पाय थांबवायची, एवढंच. कधी चुकलं नाही.

म्हणजे आठ वर्षं तो आरशालाच विचारत होता आणि आरसा त्याला हो म्हणत होता. आणि अंक खपत होते, संपादक पाठ थोपटत होते. त्याचा त्याला आनंद व्हायला हरकत नव्हती, निवड शेवटी त्याचीच ठरली होती. पण त्याला आनंद झाला नाही. आठ वर्षं त्या खोलीत तो एकटाच बोलत होता, आणि ती त्याच खोलीत त्याच्याहून एकटी बसली होती.

सांगितलं का नाहीस, हे त्यानं लिहायला घेतलं. पण तिनं ते त्याच्या चेहऱ्यावरूनच वाचलं.

“तुम्ही वाचायचं बंद केलं असतंत,” ती म्हणाली.

छे, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. बंद केलं असतं. दुसरं कुणी गाठलं असतं, शेजारीण, ऑफिसातली टायपिस्ट, कुणीही. त्याला ऐकणारं माणूस हवं होतं. ते बायकोच असावं असं त्याच्या मनात कुठे होतं?

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. मुलगी दूर राहायची, तिचा फोन आला की बायको रिसीव्हर त्याच्या हातात कोंबायची, तुम्हीच बोला, माझे हात गुंतलेत. मशीन खिडकीपाशी होतं, ते हलवून तिनं त्याच्या खुर्चीसमोर आणलं होतं. खिडकीतून वारा लागतो, असं म्हणाली होती. दिवा लवकर लावायची. घरी पाहुणे आले की सगळे हसून झाल्यावर हसायची. मुंग्या एकमेकींना वाट कशी सांगतात हे ज्याला तोंडपाठ होतं, त्या माणसाला यातलं काही दिसलं नव्हतं.

गुरुवारी तो तिला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरीण तरुण होती, शांत होती. तिनं बायकोला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि बाहेरून एकेक शब्द सांगून तो पुन्हा म्हणायला लावला. बायको शहाण्या मुलीसारखी ताठ बसली होती. ‘पाणी’ला ती ‘गाणी’ म्हणाली, ‘दार’ला ‘चार’ म्हणाली, नंतर नंतर काहीच म्हणेना, नुसती काचेतून नवऱ्याकडे बघत राहिली. तो काही खूण करतो का, ते ती बघत होती. आठ वर्षांची सवय. त्यानं मान खाली घातली.

बाहेर डॉक्टरणीनं त्याला कागदावरची उतरती रेघ दाखवली. कानाचं यंत्र देता येईल, म्हणाली, पण फार आशा ठेवू नका. त्यानं आवाज मोठा होईल, शब्द स्पष्ट होणार नाहीत. तो म्हणाला, तरी काहीतरी उपाय असेलच ना. कुठलाही. परदेशातला असला तरी चालेल.

“शब्द ओळखायची सवय मोडली की ती परत लावणं फार कठीण असतं,” डॉक्टरीण म्हणाली. “सुरुवातीलाच आला असतात तर पुष्कळ काही राखता आलं असतं. घरच्यांच्या लक्षात नाही आलं का?”

त्याला लाज वाटलीच, पण आणखी एक गोष्ट होती. तिचं ते सवय मोडण्याचं वाक्य त्यानं कुठेतरी वाचलं होतं. सव्वीस वर्षं वाक्यं चाळून त्याला तेवढी खोड लागली होती, एकदा डोळ्याखालून गेलेलं वाक्य तो विसरत नसे. आणि हे नुसतं वाचलेलं नव्हतं. ते त्याच्या जिभेवरून गेलं होतं.

घरी येताना बायकोनं काही विचारलं नाही. तो ओठ ठळक हलवून ‘बघू’ म्हणाला, तर तिनंच त्याच्या हातावर थोपटलं. धीर तिनं त्याला द्यावा, ही त्या दिवसाची शेवटची शोभा.

माळ्यावर खोकी होती, वर्षवार लावलेली, सगळी नापास लेखांची. शनिवारी आणि रविवारी तो शिडीवर चढून तीच उपसत होता. बायकोनं खालून शिडी धरली आणि काय शोधताय ते विचारलं. त्यानं हातानंच काही नाही म्हटलं. आठ वर्षांपूर्वीच्या खोक्यात, तळाकडे, डॉक्टरांच्या एका मासिकातली पाच पानं निघाली. ‘हळूहळू जाणारं ऐकणं: घरच्यांनी काय ओळखावं?’ असं वर मथळ्यात होतं. खाली सगळं होतं. फोन टाळणं. समोरासमोर बसायचा हट्ट. सगळ्यांच्या नंतर हसणं. लवकर या, शब्द ओळखायची सवय मोडली की ती परत लावणं फार कठीण असतं. लिहिणाऱ्यानं काळजीनं, सोप्या भाषेत, जीव तोडून लिहिलं होतं. तसाच्या तसा छापता आला असता.

कोपऱ्यात टाचणी गंजली होती. तिच्याखाली त्याच्याच अक्षरात चिठ्ठी होती.

‘नाही. मशीन थांबलं नाही, उलट जास्तच जोरात चाललं. विषय रटाळ. कुणालाही रस वाटणार नाही.’

तो शिडीवरच बसून राहिला. मशीन थांबलं म्हणजे काय, हे आपल्याला कळतं असं त्याला इतकी वर्षं वाटत होतं. ते जोरात चाललं म्हणजे काय, हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता.

संध्याकाळी चहा झाला. ती मशीनवर बसली. त्यानं ती पाच पानं चिठ्ठीसकट तिच्यापुढे कापडावर ठेवली. तिनं आधी मथळा वाचला, मग चिठ्ठी वाचली. ती चिडेल, रडेल, निदान पानं बाजूला सारेल, असं त्याला वाटत होतं. त्यातलं काहीतरी तिनं करावं असं त्याला फार वाटत होतं. तिनं गंजलेली टाचणी बोटानं चाचपली, कापडाला डाग पडू नये म्हणून पानं उचलून त्याच्या हातात दिली.

“आठवतोय मला हा,” ती म्हणाली. “तेव्हा ऐकणं नुकतंच जायला लागलं होतं, पण हा सगळा ऐकू आला होता. त्या दिवशी मी फ्रॉकची बाही उलटी जोडली.”

ती त्याच्या ओठांकडे बघत होती, तो काही म्हणतो का ते.

“वाचता वाचता तुम्ही वर बघाल असं वाटलं होतं,” ती म्हणाली. “पण तुम्ही चिठ्ठी लिहीत होतात.”

मग तिनं मान खाली घातली आणि मशीन सुरू केलं. त्यानं सवयीनं पुढचं नियतकालिक उचललं, चष्मा डोळ्यांना लावला, आणि पान उघडून बसून राहिला. कुठून वाचायचं आणि कुणाला, ते त्याला कळेना.