आजीच्या जागेवर

ताईचा भाऊ आला तो मोजे काढतच. सोफ्यावर ऐसपैस बसला आणि काळा पडलेला अंगठा भाचीपुढे नाचवत म्हणाला, "बघ, ह्याचं नख तिसऱ्या खिंडीत गेलं. ह्याचा वेगळा क्लोजअप घेतलाय!" मग टाचेची सुटलेली कातडी ओढून काढली आणि चहाच्या बशीत ठेवली.

ताई म्हणजे कपडे धुलाईचं दुकान चालवणारी बाई. लोकांचे नाना डाग तिनं नाक न मुरडता काढले होते. पण ही बशी तिनं दोन बोटांत उचलली आणि थेट कचऱ्यात टाकली.

हा पाच महिने डोंगरांतून चालला, त्यावर माहितीपट निघाला, आणि तो बघून कुठकुठली पोरं पाठीवर सॅक टाकून घराबाहेर पडली. लोक त्याला वाटसरूदादा म्हणत. ताईची लेकही खुळावली होती. दुसऱ्या माहितीपटात ती मामाबरोबर चालणार होती. पुढच्याच आठवड्यात निघायचं होतं. ताईनं हो म्हटलं नव्हतं, पण नाही तरी कोणत्या तोंडानं म्हणणार? आजी अंथरुणाला खिळल्यापासून ती जाईपर्यंत पोरीनं कॉलेज सांभाळून तिची कूस बदलली होती, भांडं दिलंघेतलं होतं. मोकळ्या हवेवर तिचा हक्कच होता. फक्त ह्या माणसाच्या सावलीत तिनं ती घेऊ नये, एवढंच ताईला वाटे.

कारण माहितीपटाचा सगळा जीव एका वाक्यात होता. शिखरावर उभा राहून हा गळा काढतो, "आई म्हणाली, जा बाळा, माझ्यासाठी चाल." की प्रेक्षकांचे हुंदके सुरू. देवा रे! हा निघाला तेव्हा त्या माउलीची वाचा केव्हाच गेली होती.

"पिक्चरमध्ये थोडं असं करावं लागतं, आई," लेक म्हणायची.

आज नव्या माहितीपटासाठी तेच 'थोडं' करायला तो कॅमेरावाल्याला घेऊन आला होता. माळ्यावर टाकलेला आजीचा पलंग खाली उतरवून पुन्हा तिच्याच खोलीत लावला.

"आईचे खरे शॉट नाहीत ना माझ्याकडे," भाऊ म्हणाला.

"कसे असतील? खोलीत पाऊल तरी टाकलंस का?"

"ताई, टोमणे नंतर. उजेड जातोय."

भाचीच्या केसांत त्यानं मूठभर पावडर चोळली, कॉलरला माइक अडकवला, भिंतीकडे तोंड करून निजवलं आणि गळ्यापर्यंत चादर ओढली.

"आता खोक."

ती खोकली.

"अगं, सर्दी झाल्यासारखं नको! मरणाऱ्या माणसासारखं. घरघर हवी."

पोरीनं घशातून घरघर काढली. ताईनं पुढे होऊन चादरीला हात घातला. "ऊठ."

"आई, थांब ना! शॉट चालू आहे."

पोटची पोर हे बोलली. ताई पलंगाच्या कडेवर बसली आणि कॅमेऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"घरघर हवी ना? मग ऐका. ती खोकत नव्हती. खोकायलाही बळ लागतं. निजून निजून तिच्या पाठीला भोक पडलं होतं, माझं बोट जाईल एवढं. ते मी धुवायची, आणि ही पोरगी तिला मिठीत धरून कानाशी गाणं म्हणायची. ह्याला फोन लावला, तर म्हणाला, इथं रेंज नाही. रेंज नाही हे रेंजमध्ये उभं राहून सांगितलं ह्यानं!"

भावाचे डोळे भरून आले. ताईला वाटलं, देवाची कृपा, पाझर फुटला एकदाचा.

"ताई..." तो नाक पुसत म्हणाला, "अप्रतिम! पाठीचं भोक! हे सुरुवातीलाच टाकू. फक्त पुन्हा एकदा बोल, खिडकीकडे बघून. आणि फोनचं तेवढं गाळ."

पलंगावरची चादर उडाली. पोरगी तोंडावर हात दाबून न्हाणीघरात पळाली आणि बेसिनवर वाकून भडाभडा ओकली. ताईनं मागून जाऊन तिचं कपाळ धरलं.

बाहेरून कॅमेरावाला म्हणाला, "साहेब, माइक चालूच आहे. आवाज मस्त येतोय."

"घे, घे! हीच घरघर आईला लावू," भाऊ म्हणाला.

ते दोघींनीही ऐकलं. ताईनं लेकीच्या कॉलरचा माइक उपटून पाण्याच्या बादलीत बुडवला आणि दाराला आतून कडी घातली. बाहेर "अगं ताई, महागाचा आहे तो!" असा ओरडा सुरू झाला.

लेक बेसिनला धरून धापा टाकत होती. कपाळावर पावडरीचे ओघळ आले होते.

"आई, मी चालायला जाणार आहे."

"बरं."

"पण ह्याच्याबरोबर नाही. आणि कॅमेराबिमेरा काही नाही."

"जा हो, माझे राणी," ताई तिची पाठ चोळत म्हणाली. "आधी चूळ भर."