निर्झर सोसायटीचा बोअर

पृथ्वीच्या पोटातून उपसलेलं पाणी पृथ्वीच्या पोटात परत घालणं, याहून पवित्र कार्य मानवजातीच्या हातून आजवर घडलेलं नाही. असं आमच्या निर्झर सोसायटीच्या चेअरमन प्रियदर्शनीताईंनी मे महिन्यात माईकवरून जाहीर केलं. टाळ्या झाल्या. मग लक्षात आलं की अजून पाऊस नाही, त्यामुळे उद्घाटनाला परत घालायला पाणीच नाही. तेव्हा टँकर मागवून तो बोअरमध्ये रिकामा करण्यात आला. त्या दिवशी कोणाच्याच नळाला पाणी आलं नाही. फोटो मात्र चांगले आले.

धायरीत आम्ही राहायला आलो तेव्हा बोअरला पाणी होतं. पुढे आजूबाजूला इतक्या सोसायट्या झाल्या आणि प्रत्येकीने जमिनीला इतकी भोकं पाडली, की जमिनीने हात वर केले. आता टँकर सकाळी येतो आणि दुपारी संपतो.

पुनर्भरणाचा हा सगळा खटाटोप पहिल्या मजल्यावरच्या हिंमतरावांचा. त्यांच्या पत्नी यमुनाबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या. वाचा गेलेली. अशा माणसाचं करायला किती पाणी लागतं, हे ज्याने दुपारी कोरडा नळ सोडून पाहिलाय त्यालाच कळतं. बंगळुरूहून त्यांच्या मुलाने, शौनकने, निर्वाणीचं सांगितलं होतं, "बाबा, हा उन्हाळा कसाबसा काढा. पुढच्या उन्हाळ्यात बोअरला पाणी नसेल, तर आईला वाघोलीच्या त्या शुश्रूषा केंद्रात ठेवायचं." वाघोली हा शब्द ऐकला, की यमुनाबाई चालत्या हाताने हिंमतरावांची बाही घट्ट धरत.

हिंमतराव कामाला लागले. गच्चीवरचं पावसाचं पाणी पाइपाने खाली आणायचं, बोअरभोवतीच्या खड्ड्यात खडी-वाळूच्या थरांतून गाळायचं आणि मग बोअरमध्ये सोडायचं. मीटिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे मच्छिंद्रराव म्हणाले, "म्हणजे आपण भरायचं आणि शेजारच्यांनी उपसायचं, असंच ना?"

"हो," हिंमतराव म्हणाले. "जमिनीला आपली कंपाउंडची भिंत दिसत नाही."

"मग आधी तिला चष्मा करा."

तरीही ठराव झाला. विरोध करायला थांबलं तर चहा गार होत होता.

पावसाळाभर हिंमतराव छत्री घेऊन खड्ड्यापाशी उभे. श्रावणात पंप सुरू करून पाहिला. आधी हवा आली, मग तांबडा गाळ, मग स्वच्छ पाणी. बादली भरली. लिफ्ट चालू असताना हिंमतराव बादली जिन्याने घेऊन गेले, रस्त्यात भेटेल त्याला दाखवत.

मग गणपती आले.

आमची सोसायटी पर्यावरणप्रेमी. प्लास्टरची मूर्ती आणणाऱ्याकडे आम्ही लिफ्टमध्येसुद्धा पाहत नाही. घरोघरी शाडूच. विसर्जनाच्या दिवशी धो धो पाऊस झाला आणि खड्डा काठोकाठ भरला. प्रियदर्शनीताई म्हणाल्या, "बघा! देवानेच हौद भरून दिलाय. नदी कशाला घाण करायची?" पाणी भराभर उतरावं म्हणून कोणीतरी बोअरच्या तोंडावरची जाळीही काढून ठेवली. गणपती एकेक करून खाली गेले.

हिंमतराव तेव्हा यमुनाबाईंची चादर बदलत होते. धावत खाली आले तेव्हा आरती चालू होती.

पुण्यात माणूस कोणालाही, कुठेही, काहीही सुनावू शकतो. आरतीच्या मध्ये मात्र नाही. मी त्यांच्या शेजारीच होतो. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि टाळ्या वाजवायला लागले. आरती संपली तेव्हा खड्ड्यातलं पाणी दुधाळ झालं होतं. मी प्रसाद घेतला. त्यांनीही घेतला.

प्लास्टरचे गणपती असते, तर दुसऱ्या दिवशी काढता तरी आले असते. शाडू विरघळतो. त्याचं कौतुक आम्ही दरवर्षी करतो.

दिवाळीनंतर कॉम्प्रेसर लावून बोअर साफ करणारा माणूस आला. बराच वेळ खटपट करून म्हणाला, "खडकाच्या ज्या भेगांतून पाणी हिंडतं ना साहेब, त्या माती बसून लिंपल्या गेल्यात. आता वरून कितीही ओता."

"काहीच नाही होणार?" हिंमतरावांनी विचारलं.

"दुसरा बोअर पाडा."

मच्छिंद्रराव म्हणाले, "पाडू की. पुढच्या वर्षी गौरी कुठे बोळवायच्या, हा प्रश्न आहेच." कोणी हसलं नाही. मच्छिंद्ररावही नाही.

मार्चमध्ये शौनक आला. अँब्युलन्स गेटातून आत येऊन थांबली. यमुनाबाईंना स्ट्रेचरवरून खाली आणलं तेव्हा सगळी सोसायटी जमली होती. त्यांनी हिंमतरावांची बाही धरली होती. शौनकने त्यांची बोटं एकेक करून सोडवली. आम्ही जमिनीकडे पाहत होतो.

प्रियदर्शनीताई डोळे पुसत पुढे आल्या. हिंमतरावांच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला.  मग कसंबसं म्हणाल्या,

"हिंमतराव, ड्रायव्हरला गाडी जराशी पुढे घ्यायला सांगता? मागे टँकर अडकलाय."