नळीतलं कुंकू

मी एक जुनं, खिशात मावणारं पिस्तूल आहे. आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला खेळणं म्हणायचं नाही. तळहाताएवढा आहे, मान्य. पण माझ्या पोटात सहा काडतुसं बसतात, आणि माझ्या नावाचा सरकारी परवाना आहे. तुमच्यापैकी किती जणांकडे आहे?

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. त्या गावाचं नाव माझ्या अंगावर कोरलेलं होतं, ते घासून घासून गेलं. उमरी तालुक्यातल्या शेषेरावांच्या शेतातल्या घरावर दरोडा पडला, तेव्हा त्यांनी परवाना काढून मला आणलं. मग चाळीस वर्षं मी त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात राहिलो. त्यांनी मला कधी माणसावर रोखलं नाही. निवडणूक आली की मला पोलीस ठाण्यात जमा करायचे आणि पावती घ्यायचे. तिथल्या लांबलचक बंदुका मला बघून हसायच्या. हसा म्हटलं, तुम्हाला न्यायला जीप लागते, मी खिशातून जातो.

शेषेराव गेले आणि परवाना त्यांच्या लेकीच्या, सुकन्याच्या नावावर झाला. सुकन्या तलाठी आहे. गोदाकाठची चार गावं तिच्याकडे, म्हणजे नदीतून चोरून वाळू उपसणाऱ्यांशी रोजची गाठ. एकदा ट्रॅक्टरवाल्यानं तिची स्कूटी पार चेंदून टाकली होती. भावकीतले म्हणाले, "बाईमाणसाला पिस्तूल कशाला?" ती म्हणाली, "ते ट्रॅक्टरवाल्याला इचारा."

तिनं मला शेजारच्या अश्वजितकाकांकडे नेलं. काका फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी मला उलटंपालटं केलं, बाजारात बैलाचे दात बघतात तसं.

"पोरी, पल्ला लई कमी हाय," काका म्हणाले. "मूठ लहान, चाप कडक. पर्समधी मावतंय, एवढाच गुण. अन् एक ध्यानात ठिव. नळी साफ पाहिजे. नळीत काय अडकलं अन् चाप वढला, तर समोरचा वाचंल, तुझा हात न्हाई वाचायचा."

मला लई राग आला. तोंडावर कुणी असं बोलतं का? पण मित्रांनो, त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे या दिवशी हत्यारं, अवजारं पुजतात. सुकन्याच्या आईनं, पार्वतीबाईंनी, विळा, कुऱ्हाड, खुरपं पाटावर मांडलं. सुकन्यानं काडतुसं काढून मला त्यांच्या हाती दिलं. "तुझ्या बापाचं हत्यार हाय, कोरडं कसं ठिवू," असं म्हणत त्या माउलीनं मला हळदीच्या पाण्यानं न्हाऊ घातलं आणि माझ्या तोंडात, म्हणजे नळीत, बोटानं ओलं कुंकू भरलं, वर अक्षता दाबल्या. रात्रभरात त्याचा पार खडा झाला. मी मुका. सांगणार कुणाला?

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळीच फोन आला की सुट्टी बघून नदीत ट्रॅक्टर उतरलाय. सुकन्यानं घाईघाईत काडतुसं भरली, मला पर्समध्ये टाकलं आणि निघाली. नळी बघितली नाही. कोतवाल मागून येतो म्हणाला होता.

ट्रॅक्टर वाळू भरून वर येत होता. सुकन्यानं स्कूटी वाटेत आडवी लावली. चालवणारा व्यंकटी गावचाच.

"म्याडम, सण हाय. घरी जावा," तो म्हणाला आणि त्यानं इंजिन गुरगुरवलं. चाकं हळूहळू पुढं यायला लागली.

तिचा हात पर्समध्ये आला. तिनं मला मुठीत धरलं. नको बाई, नको. तुझा हात जाईल. तेवढ्यात तिला बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. तिनं पर्समध्ये डोकावून पाहिलं. बोटं लाल झाली होती आणि माझं तोंड कुंकवानं बंद होतं. तिला सगळं कळलं. ती एकटी होती, आणि आता तिच्याजवळ हत्यारही नव्हतं.

ती पळाली असती तर कुणी नावं ठेवली नसती. पण तिनं मला सोडलं आणि रुमाल काढला. सरळ ट्रॅक्टरपुढं गेली, वाकली आणि चिखल फासून झाकलेली नंबरप्लेट पुसायला लागली. चाक तिच्यापासून हातभर अंतरावर होतं. मोबाइलवर फोटो काढला, तहसीलला पाठवला, मग वही उघडून पंचनामा लिहायला घेतला.

"व्यंकटीभाऊ, आता घाल अंगावर," ती म्हणाली. "नंबर गेलाय वर. मी न्हाई हलत."

व्यंकटीनं इंजिन बंद केलं. कोतवाल धापा टाकत आला, तेव्हा पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून फक्त कोतवालाची सही राहिली होती.

घरी येऊन तिनं आधी काडतुसं काढली आणि मला अश्वजितकाकांकडून साफ करून घेतलं. नळीतून निघालेला कुंकवाचा खडा आईच्या हातावर ठेवला आणि काकांचं बोलणं सांगितलं. पार्वतीबाईंनी लेकीचा उजवा हात ओढून घेतला आणि एकेक बोट चाचपून पाहिलं.

यंदाच्या खंडेनवमीला पाटावर मधोमध पंचनाम्याची वही होती, तिच्यावर तो रुमाल, घडी घातलेला. मी कुलूपबंद कपाटात. पार्वतीबाईंनी कपाटाच्या दाराला लांबूनच कुंकू लावलं. वाईट वाटलं का? वाटलं. एका रुमालानं माझी जागा घेतली, मित्रांनो!

तरीही मान खाली घालणार नाही. हत्यार ठेवायचं तर त्याची नळी रोज बघा, त्याला कुलपात ठेवा, लेकरांच्या हाताला लागू देऊ नका. एवढं करा, मी इमानानं राहीन. पण धीर मागायला माझ्याकडं येऊ नका. त्या दिवशी मी पर्समध्ये तोंड बंद करून पडलो होतो, आणि सुकन्या चाकापुढं वाकून नंबर पुसत होती.